शेतकरी घराणे वाइनकडे वळते तेव्हा: मधल्या काळाचा इतिहास कसा वाचावा?

वैदेही_नोंदवही

वाइन बनवणाऱ्या शेतकरी घराण्यांचे इतिहास मी सध्या सलग वाचते आहे आणि त्यांतली एक गोष्ट मला पुन्हापुन्हा खटकते. पहिल्या पूर्वजाने जमीन कधी घेतली, तो कुठून आला, सोबत काय घेऊन आला, हे सगळे तपशिलाने सांगितलेले असते. शेवटच्या दोन पिढ्यांनी मिळवलेला नावलौकिकही भरभरून येतो. मात्र या दोन टोकांमधली पन्नास, शंभर, कधी दीडशे वर्षे ‘पुढच्या पिढ्यांनी कष्टाने शेती सांभाळली’ एवढ्या एका वाक्यात उरकली जातात.

दोन उदाहरणे देते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात कॅलेस्की हे घराणे १८५३ पासून ग्रीनॉक परिसरात शेती करत आहे आणि त्यांच्या मळ्यातल्या सर्वांत जुन्या वेली १८७५ च्या आहेत. मात्र घराण्याच्या स्वतःच्या नावाची वाइन ट्रॉय आणि टोनी या सातव्या पिढीतल्या भावांनी सुरू केली ती २००२ मध्ये. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे त्यांची द्राक्षे इतरांच्या वायनऱ्यांमध्ये जात होती. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याचे. तिथले वॅग्नर घराणे १९०६ पासून रदरफर्डला शेती करत होते. पहिल्या पिढीने १९१५ च्या सुमारास घाऊक वाइनसाठी छोटी वायनरी उभारलीही होती, पण दारूबंदीने ती बंद पाडली. पुढे चार्ली आणि लोर्ना वॅग्नर या जोडप्याने त्याच भागात जमीन घेऊन आलुबुखार आणि अक्रोडाच्या बागा सांभाळल्या. १९६० च्या दशकात त्यांनी आलुबुखाराची झाडे काढून द्राक्षवेली लावल्या आणि १९७२ मध्ये, नुकतीच शाळा संपवलेल्या चक या मुलाला सोबत घेऊन ‘केमस’ ही वायनरी सुरू केली. मुलगा नाही म्हणाला असता तर सगळे विकून ऑस्ट्रेलियाला जायचे, असे आईवडिलांनी ठरवले होते, ही त्या घराण्यानेच सांगितलेली गोष्ट आहे. एवढ्या मोठ्या वळणाचा निर्णय एका तरुण मुलाच्या होकारावर अवलंबून होता, आणि तरीही त्याआधीच्या सहा दशकांविषयी आपल्याला फारच थोडे वाचायला मिळते.

शंभर वर्षे उत्तम द्राक्षे पिकवणाऱ्या घराने स्वतः वाइन का केली नाही, आणि मग एका विशिष्ट पिढीनेच ती का केली, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय एखाद्या घराण्याचा असा इतिहास लिहायला घेतला तर हा मधला काळ कशाच्या आधारे लिहावा? ज्यांनी आयुष्यभर द्राक्षे पिकवून विकली आणि ज्यांचे नाव एकाही बाटलीवर आले नाही, त्यांना या इतिहासात केवळ प्रस्तावनेची जागा मिळावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

खुंट_आणि_कलम

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. माझ्या मते ‘त्यांनी वाइन का केली नाही’ याचे उत्तर हिशेबात आहे, इच्छेच्या अभावात नाही.

गहू कोठारात ठेवून भावाची वाट पाहता येते. वाइनचे द्राक्ष पिकले की काही दिवसांतच तोडावे लागते आणि तोडले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ते कुणाच्या तरी टाकीत पडावे लागते. हे खरेदीदाराला पक्के ठाऊक असते, त्यामुळे भाव ठरवण्याची ताकद मळ्यात नसून वायनरीच्या वजनकाट्यावर असते. तरीही खरेदीदार भरवशाचा असेल तर द्राक्षे विकणे हेच शहाणपण ठरते, कारण हंगामाच्या शेवटी रोख रक्कम हातात येते आणि पुढची छाटणी, मजुरी, फवारणी त्यातून भागते. स्वतः वाइन करायची तर चित्र उलटे होते. लावलेली वेल तिसऱ्या वर्षी पहिले पीक देते. लाल वाइन त्यानंतर दीड-दोन वर्षे पिंपात राहते. मग बाटलीत काही महिने जातात. आणि एवढे झाल्यावर ती विकायला माणूस लागतो. लागवडीपासून पहिल्या पैशापर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात आणि त्या काळात टाक्या, दाबयंत्र, पिंपे, बाटल्या या सगळ्यांवर खर्च मात्र चालूच राहतो. ज्या घरात जमिनीवर आधीच कर्ज आहे आणि खाणारी तोंडे बरीच आहेत, त्या घराने हा मार्ग धरला नाही तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणूनच अशा घराण्यांच्या इतिहासात वळण येते ते बहुधा खरेदीदार कोसळतो तेव्हा. बरोसाच्या मधल्या काळात नेमके हेच घडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे द्राक्षांचा मोठा साठा झाला आणि पीटर लेमन हे वाइनकार ज्या कंपनीत होते, त्या कंपनीच्या मालकांनी शेतकऱ्यांचा माल घेऊ नये असा आदेश काढला. लेमन यांनी त्या शेतकऱ्यांना तोंडी शब्द दिलेला होता आणि तिथे अनेक वर्षांचे व्यवहार हातात हात देऊनच होत असत. त्यांनी शब्द मोडण्याऐवजी भांडवल जमवले, त्याच शेतकऱ्यांची द्राक्षे घेण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारली आणि १९८० पासून नव्या वायनरीत काम सुरू केले. हा प्रसंग लेमन यांच्या चरित्रात सांगितला जातो, पण तो तितकाच त्या शेतकरी घरांचाही इतिहास आहे, कारण आपला माल एका आदेशासरशी वाऱ्यावर पडू शकतो हे त्या वर्षी त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात सरकारनेच वेली उपटण्यासाठी पैसे देऊ केले आणि शंभर वर्षांच्या वेलीही त्यात गेल्या. ज्या घरांनी ते पैसे नाकारून जुनी बाग राखली, त्यांच्या निर्णयाची किंमत पुढच्या पिढीला कळली. २००९ मध्ये बरोसात जुन्या वेलींची सनद तयार झाली आणि तिच्यात पस्तीस, सत्तर, शंभर आणि सव्वाशे वर्षांच्या वेलींना वेगवेगळे दर्जे मिळाले. विसेक वर्षांपूर्वी पैसे देऊन ज्या वेली उपटल्या जात होत्या, तशाच वेलींच्या वयाचा आता लौकिक झाला होता.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे द्राक्षशेती बुडाली असेल असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत लागवड वाढली. कायद्यातल्या एका कलमामुळे कुटुंबप्रमुखाला घरच्या वापरापुरता फळांचा रस आंबवणे शक्य होते आणि त्याची मर्यादा वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, धरली जात असे. पूर्वेकडच्या शहरांतली स्थलांतरित कुटुंबे रेल्वेच्या डब्यांतून आलेली द्राक्षे विकत घेऊ लागली. चेझारे मोंदावी हे गृहस्थ मिनेसोटातल्या खाणकामगारांच्या वस्तीतून कॅलिफोर्नियातल्या लोडायला आले ते याच व्यापारासाठी. त्यांच्या घराने १९४३ मध्ये चार्ल्स क्रुग ही जुनी वायनरी घेतली आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट यांनी १९६६ मध्ये स्वतःची वायनरी उभारली, हे पुढचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. पण मधल्या काळाचे खरे नुकसान वेगळ्या जागी झाले. रेल्वेचा लांबचा प्रवास सोसेल असे जाड सालीचे आणि गडद रसाचे द्राक्ष हवे होते म्हणून शेतकऱ्यांनी नाजूक वाण काढून अलिकांते बुशेसारखे वाण लावले. दशकाच्या मध्याला भाव कोसळले, १९३३ मध्ये बंदी उठली, आणि तेव्हा मळ्यांमध्ये चांगली वाइन होईल असे द्राक्षच पुरेसे नव्हते. वेल निदान तीस-चाळीस वर्षे टिकते. त्यामुळे एका पिढीने बाजार पाहून केलेली निवड पुढच्या पिढीच्या गळ्यात पडते. चार्ली वॅग्नर आलुबुखार का पिकवत होते, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर ठेवला तर त्या सहा दशकांचा अर्थ लागू लागतो.

शर्वरी_दे

वरील प्रतिसादातला बाजाराचा मुद्दा मला मान्य आहे, पण वारसाहक्काचा कायदा त्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याशिवाय युरोपातल्या घराण्यांचे इतिहास उलगडत नाहीत.

फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेने सर्व मुलांना समान वारसाहक्क दिला. थोरल्याला सगळी जमीन आणि बाकीच्यांना आशीर्वाद, ही पद्धत संपली. न्यायाच्या दृष्टीने हे निर्विवाद चांगले झाले, पण बर्गंडीसारख्या प्रदेशात दर पिढीला मळ्याच्या पट्ट्या होत गेल्या आणि एकेका वारसाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी उरल्या. क्लो द व्हूजो हा भिंतीने वेढलेला सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा १८८९ पर्यंत एका मालकीत होता. आज त्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. ज्याच्या वाट्याला एक-दोन पिंपांएवढेच पीक येते, तो बाटल्या भरून बाजारात काय उभा राहणार? त्यामुळे शेतकरी तळघरात वाइन आंबवत असत, पण ती पिंपाने व्यापाऱ्यांना विकत. व्यापारी अनेकांची पिंपे एकत्र करून स्वतःच्या नावाने बाटली काढत. म्हणजे ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या वाइन बनवत होतीच, फक्त ग्राहकाला त्यांचे अस्तित्व ठाऊक नव्हते. ‘शेतकरी’ आणि ‘वाइनकार’ अशी जी रेघ आपण ओढतो आहोत, ती इथे वेगळ्या जागी पडते.

ही स्थिती बदलली ती १९२० आणि १९३० च्या दशकांत. व्यापाऱ्यांच्या भेसळीला विरोध करणाऱ्या काही उत्पादकांनी स्वतःच्या तळघरात बाटल्या भरायला सुरुवात केली. न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूज आणि जव्हरे-शांबेर्तँचे आर्माँ रूसो ही त्यांतली ठळक नावे. त्यांना रेमाँ बोदुआँ या पत्रकाराचे पाठबळ मिळाले आणि १९३३ नंतर अमेरिकेची बाजारपेठ उघडल्यावर फ्रँक स्कूनमेकर यांच्यासारखा आयातदार थेट शेतकऱ्यांकडून माल घेऊ लागला. १९३५ मध्ये मूळस्थानाच्या नावांना, म्हणजे वाइन ज्या भागातली त्या भागाच्या नावांना, कायद्याचे संरक्षण मिळाले. एक गोष्ट इथे नीट पाहावी, असे मला वाटते. पिकवणाऱ्याला स्वतःचे नाव लावण्याचे धाडस करता आले, कारण दूर कुठेतरी त्या नावाला किंमत देणारा ग्राहक आणि खोट्या नावाला अडवणारा कायदा, हे दोन्ही साधारण एकाच वेळी उभे राहिले.

आणखी एक. आपण वैदेहींच्या प्रश्नातल्या ‘ज्यांचे नाव आले नाही’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. या इतिहासांत बाप आणि मुलगा असतात. बायका फोटोत असतात. कॅलिफोर्नियातल्या क्लार्क्सबर्गचे बोगल घराणे एकोणिसाव्या शतकापासून शेती करत होते आणि १९६८ मध्ये वॉरन आणि क्रिस या पितापुत्रांनी पहिल्या वीस एकरांवर वाइनची द्राक्षे लावली, हे सर्वत्र वाचायला मिळते. क्रिस यांचा १९९७ मध्ये अकाली मृत्यू झाल्यावर पॅटी बोगल यांनी व्यवसाय हाती घेतला आणि मुले कर्ती होईपर्यंत तो वाढवला. शेतकरी घराणे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले ते या मधल्या वर्षांमुळे. पती गेल्यानंतर खरेदीदार, बँक आणि मजूर या तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या अशा स्त्रिया जवळजवळ प्रत्येक जुन्या घराण्यात सापडतात, पण त्यांचा कारभार ‘मधला काळ’ म्हणूनच नोंदवला जातो. इतिहास लिहिणाऱ्याने हे दुरुस्त करावे अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

पिंपघर

मी बरीच वर्षे वायनरीच्या तळघरात काम केले आहे, त्यामुळे कायदा आणि बाजार यांपेक्षा मळ्याच्या बांधावर काय होते ते मला जवळून माहीत आहे. माझ्या अनुभवात वळणाचा खरा संघर्ष बाप आणि मुलगा यांच्यात, एका अगदी ठोस गोष्टीवरून होतो: वेलीवर घड किती ठेवायचे.

द्राक्षे विकणाऱ्या शेतकऱ्याला पैसे वजनावर आणि साखरेच्या अंशांवर मिळतात. साखर ठरलेल्या अंशावर पोहोचली की जितके जास्त वजन तितके चांगले. त्याच्या सगळ्या आयुष्याचे कौशल्य वेलीकडून भरपूर आणि निरोगी माल काढण्यात घडलेले असते. वाइन करणाऱ्याला मात्र साखर पिकली एवढे पुरत नाही. तो मणी तोंडात घेतो, साल दाढेखाली चावून तिचा तुरटपणा पाहतो, बी काढून हातावर घेतो. बी हिरवट असेल आणि दाताखाली चिवट लागत असेल तर वाइन कडवट होणार हे त्याला कळते. ते तपकिरी होऊन कुरकुरीत फुटले की तो तोडणीचा दिवस ठरवतो. आणि असा पक्वपणा यावा म्हणून रंग भरण्याच्या सुमारास तो वेलीवरचे काही घड कापून खाली टाकतो. पिकत आलेले घड मातीत पडलेले पाहणे, हे ज्याने गारपीट आणि भुरी यांच्यापासून एकेक घड वाचवण्यात हयात घालवली त्याला सहन होत नाही. बाप हट्टी आहे म्हणून हे भांडण होत नाही. त्याने ज्या हिशेबावर घर चालवले तो संपूर्ण हिशेबच मुलगा उलटा करत असतो.

उत्तर इटलीतल्या ला मोरा गावच्या एलिओ आल्तारे यांची गोष्ट याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या भागात शेतकरी आल्बाच्या चौकात द्राक्षे घेऊन जात आणि भाव दलाल ठरवत. १९७० च्या दशकात तरुण आल्तारे बर्गंडीला जाऊन आले आणि तिथल्या लहान उत्पादकांची स्थिती आपल्याहून कितीतरी चांगली आहे हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी घड विरळणे सुरू केले, घरची फळझाडे कापली आणि १९८३ मध्ये वडिलांची जुनी मोठी पिंपे यांत्रिक करवतीने कापून त्यांच्या जागी २२५ लिटरांची लहान पिंपे आणली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून बेदखल केले. पुढे बारोलो या तिथल्या लाल वाइनचे नाव जगभर झाले आणि आल्तारे त्या बदलाचे अग्रणी ठरले. मी मात्र हा प्रसंग वाचताना दर वेळी वडिलांच्या बाजूनेही विचार करतो. त्या पिंपांत त्यांची स्वतःची वाइन वर्षानुवर्षे मुरली होती आणि फळझाडांच्या पैशाने द्राक्षांचे वाईट हंगाम निभावले होते. ही बाजू मांडल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होत नाही.

जुन्या पिढीचे ज्ञान वायनरीत निरुपयोगी ठरते, हा समजही काढून टाकला पाहिजे. मळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठल्या ओळी दर वर्षी आठवडाभर आधी पिकतात, कुठल्या उतारावर वसंतात दहिवर गोठून वेलीचे कोवळे डोळे जळतात, हे बाहेरून आलेला तज्ज्ञ मोजून काढायला लागला तर त्याला दहा हंगाम लागतील. द्राक्षे विकली जात होती तेव्हा हा फरक एकाच वजनकाट्यावर मिसळून जात असे. स्वतःची वाइन सुरू झाली की त्या ओळी वेगळ्या तोडता येतात, वेगळ्या टाकीत आंबवता येतात आणि आजोबा ज्या कोपऱ्याला ‘लवकरचा’ म्हणत, त्याची वेगळी चव पहिल्यांदा पेल्यात येते.

वैदेही_नोंदवही

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. घड कापून टाकण्याचा मुद्दा मला कुठल्याही घराण्याच्या अधिकृत इतिहासात इतक्या स्पष्टपणे वाचायला मिळाला नव्हता, आणि शर्वरीताईंनी पॅटी बोगल यांच्याविषयी लिहिले ते मी माझ्या टिपणांत सर्वांत वर घेतले आहे.

आता दोन शंका उरतात. एक, हेन्श्की घराण्यासारखी उदाहरणे या मांडणीत कुठे बसवायची? योहान क्रिस्टियान हेन्श्की १८४१ मध्ये प्रशियातल्या सायलेशिया प्रांतातून दक्षिण ऑस्ट्रेलियात आले, त्यांनी कीनटनला शेती उभी केली आणि १८६८ मध्ये पहिल्यांदा वाइन विकलीही. तिथे तर मधला काळ नाहीच. दुसरी शंका अशी की स्वतःची वायनरी किंवा परक्याला विक्री, एवढे दोनच मार्ग शेतकऱ्यांपुढे होते का?

शिवारकथा

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण सहकाराचा तिसरा मार्ग होता आणि तो फार मोठा होता.

दक्षिण फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळे उद्ध्वस्त केले. देशाचे वाइन उत्पादन १८७५ मध्ये सुमारे ८४५ लाख हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) होते, ते १८८९ पर्यंत सुमारे २३४ लाखांवर आले. अमेरिकी खुंटांवर कलमे करून मळे पुन्हा उभे राहिले, पण तोवर साखर घालून आणि बेदाण्यांपासून केलेली वाइन बाजारात बसली होती. नव्या मळ्यांचे भरघोस पीक आले तेव्हा भाव पार कोसळला. १९०७ मध्ये मार्सलँ आल्बेर या छोट्या बागायतदाराच्या मागे लाखो शेतकरी रस्त्यावर आले आणि जूनमधल्या मोंपेलिएच्या सभेला पाच लाखांहून अधिक लोक जमल्याचे सांगतात. या संकटाच्या काळातच मारोसाँ गावातल्या शेतकऱ्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन आपली वाइन पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट विकायला सुरुवात केली आणि १९०५ मध्ये सामाईक तळघर बांधले. ‘प्रत्येकासाठी सर्व, सर्वांसाठी प्रत्येक’ हे वचन त्यांनी इमारतीवर कोरले. ज्या एकट्या घराला टाकी आणि दाबयंत्र परवडत नव्हते, त्याला ते गावासोबत परवडले.

उत्तर इटलीतल्या बार्बारेस्को गावाचे उदाहरण मला विशेष वाटते. तिथे दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेली सहकारी संस्था १९२० च्या दशकात, फॅसिस्ट राजवटीत, बंद पडली. १९५८ मध्ये गावचे धर्मगुरू फिओरीनो मारेंगो यांनी एकोणीस शेतकऱ्यांना एकत्र आणून ती पुन्हा उभी केली आणि पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. आज सुमारे पन्नास कुटुंबे तिची सभासद आहेत आणि चांगल्या वर्षी एकेका मळ्याची वाइन त्या मळ्याच्या नावाने वेगळी भरली जाते. या कुटुंबांना वाइनकार म्हणायचे की शेतकरी, याचे उत्तर मी ‘दोन्ही’ असे देईन. त्यांनी जमीन राखली, कौशल्य राखले, आणि जोखीम मात्र वाटून घेतली. घराणे टिकवण्याचा हा मार्ग एकट्याच्या वायनरीपेक्षा कमी तेजस्वी दिसतो म्हणून त्याचे इतिहास कमी लिहिले गेले, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

हेन्श्की घराण्याविषयी. तिथेही मधला काळ आहे, फक्त तो वाइनच्या आत दडलेला आहे. पहिल्या पिढ्यांच्या मिश्र शेतीत वाइन हे अनेक पिकांपैकी एक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियात गोड, मद्यार्क मिसळून तीव्र केलेल्या वाइनला मागणी होती आणि बहुतेक उत्पादकांचा व्यवसाय तिच्यावरच चालत असे. चौथ्या पिढीतले सिरिल हेन्श्की यांनी १९५० च्या दशकात त्या प्रवाहाबाहेर जाऊन एकाच मळ्यातल्या कोरड्या लाल वाइनवर भर दिला: १९५२ ची ‘माउंट एडलस्टोन’ आणि १९५८ ची ‘हिल ऑफ ग्रेस’. ‘हिल ऑफ ग्रेस’च्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या सुमाराच्या आहेत आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा कधीच न पोहोचल्यामुळे त्या आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. म्हणजे वेली जवळजवळ शंभर वर्षे तिथेच होत्या. बदलला तो त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन. १९७९ मध्ये सिरिल गेल्यावर त्यांचे पुत्र स्टीफन यांनी तळघर आणि स्टीफन यांच्या पत्नी प्रू यांनी मळा हाती घेतला. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या प्रू यांनी त्या जुन्या वेलींतल्या सर्वांत सशक्त वेली हेरून, त्यांच्या काड्यांपासून रोपे तयार करून पुढची लागवड केली. पहिल्या पिढीच्या काळात कुणीतरी जमिनीत रोवलेली काडी सहाव्या पिढीला वारशात मिळते, तेव्हा सातत्याच्या दाव्याला अर्थ येतो.

खुंट_आणि_कलम

वैदेहींच्या मूळ प्रश्नाचा एक भाग अजून राहिला आहे: मधला काळ कशाच्या आधारे लिहावा. घराण्याच्या आठवणींवर सगळा भार टाकू नये, कारण आठवणी यशाच्या दिशेने सरकत जातात आणि ज्या काकांनी हिस्सा विकून गाव सोडले ते त्यांतून गळतात. सर्वांत उपयोगी कागद म्हणजे वायनरीने दिलेल्या माल-पावत्या. त्यांवर तारीख, वाण, वजन आणि साखरेचे अंश असतात. एवढ्या चार रकान्यांवरून हंगाम कधी सुरू झाला, कुठल्या वर्षी पीक बुडाले, कुठला वाण कधी काढला आणि खरेदीदार कधी बदलला, हे वर्षवार मांडता येते. त्यांच्या शेजारी बँकेची कर्जखाती आणि वाटणीपत्रे ठेवली की कुठल्या पिढीच्या हातात निर्णय घेण्याएवढी मोकळीक होती आणि कुठल्या पिढीच्या नव्हती, हे स्पष्ट होते. कर्ज फिटल्यानंतरच्या काही वर्षांत नवी लागवड झालेली दिसली तर त्या घराचे वळण तिथे सुरू झाले असे समजावे, मग पहिली बाटली त्यानंतर वीस वर्षांनी का येईना.

त्याचबरोबर वेलींचा लागवड-आराखडा मिळवण्याचा प्रयत्न करावा. कोणती ओळ कोणत्या साली, कोणत्या खुंटावर, कुठून आणलेल्या काडीने लावली, याची नोंद अनेक शेतकरी छाटणीच्या वहीत करून ठेवतात आणि ती वही बहुधा कपाटात नसून अवजारांच्या खोलीत सापडते. ती घरात मिळाली नाही तर ज्या वायनरीला पूर्वी माल जात होता तिच्याकडे विचारणा करावी, कारण मोठे खरेदीदार आपल्या पुरवठादारांच्या मळ्यांचे नकाशे स्वतःच्या सोयीसाठी ठेवत असत, आणि वैदेहींना ज्यांची नावे हवी आहेत त्यांची नावे त्या नकाशांवर मळ्यागणिक लिहिलेली असतात.